झेंडूचा निळा

२०२२ सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, गोजराबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी डाव्या डोळ्यावरून घेऊन डोक्यामागे घट्ट गाठ मारली आणि झेंडूच्या ढिगापुढे मांडी घातली. मखमलाबादच्या शिवारातल्या त्यांच्या मळ्यात पत्र्याच्या शेडखाली तो ढीग पडला होता, पहाटेपासून तोडून आणलेला, कमरेइतका उंच. मोठी घट्ट फुलं एका बाजूला, माळेची दुसऱ्या बाजूला, आणि पाणी लागून काळवंडलेली मागे, गाईसाठी. हात आपले आपण चालत होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या हातांना आता डोळ्यांची फारशी गरजही उरली नव्हती.

"बसली बाई शुक्राचार्याची बहीण," समोरून कुसाबाई म्हणाल्या.

"तुला दोन असून काय उजेड पडला? ते बघ, किडकं फूल मोठ्यात टाकलंस."

कुसाबाई शेजारच्या मळ्यातल्या. दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन या गावात आल्या, आणि तेव्हापासून एकमेकींना टोचून बोलल्याशिवाय त्यांचा दिवस सरला नाही. पण त्या पट्टीबद्दल कुसाबाईंनी थट्टेपलीकडे कधी विचारलं नव्हतं. घरच्यांनीही नाही. मुलगा भारत समजत होता, आईला उन्हाची तिरीप सोसत नाही. त्यानं दोनदा काळा चष्मा आणून दिला, तो दोन्ही वेळा फळीवरच राहिला. सून सुवर्णा पाहुण्यांना सांगे, "आमच्या आईंची ती सवयच आहे." झेंडूचा हंगाम आला की पट्टी निघायची, संपला की धुऊन ट्रंकेत जायची.

तेवढ्यात नात आली. भारतची धाकटी, रूपाली. नाशकात डोळे तपासण्याच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. हातात वही, दुसऱ्या हातात मोबाइल.

"आजी, मला दहा मिनिटं दे. प्रोजेक्टला दहा माणसं लागतात. नऊ झाली."

"म्हणजे मी दहावी? घ्या! शाळेची पायरी न चढता दहावी झाले."

"चेष्टा नको गं. हे एक फूल मी समोर धरते. पापणी न हलवता त्याच्याकडे बघायचं, मी सांगेपर्यंत. मग त्या पांढऱ्या भिंतीकडे. काय दिसतं ते तू सांगायचं, आणि किती वेळ दिसतं ते मी मोजणार."

गोजराबाईंचा हात ढिगात तसाच राहिला.

"निळं दिसतं," त्या म्हणाल्या. "त्यात मोजायचं काय?"

"अरे, तुला माहीत आहे?"

"झेंडूवाल्याच्या घरात कोणाला माहीत नसतं?" कुसाबाई मध्येच बोलल्या. "डोळ्यात बसतो तो झेंडू. रात्री डोळे मिटले तरी दिसतो मेला."

गोजराबाईंना तो पहिल्यांदा दिसला ते सदुसष्ट साल. त्या देवळ्याकडच्या. माहेरी कांदा, डोळा जाईल तिथवर मातीचाच रंग. लग्न होऊन इथे आल्या आणि पहिल्याच दसऱ्याला असल्या ढिगापुढे बसवल्या गेल्या. एवढा भगवा रंग एका जागी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. दुपारी मान वर केली तर समोरच्या चुना दिलेल्या भिंतीवर निळंशार फूल! दचकून त्यांनी शेजारी पाहिलं. नवरा, सावळीराम, गालातल्या गालात हसत होता. घरात तेव्हा नवरा-बायकोनं दिवसाउजेडी बोलायची चोरी. त्यानं नुसती भुवई उडवली, भिंतीकडे बोट केलं आणि हळूच पुटपुटला, "तुझ्यासाठी लावलाय. कोणाला सांगू नको."

मग तो खेळच झाला. ढिगाकडे टक लावून बघायचं आणि भिंतीवर निळा झेंडू लावायचा. कधी तो बैलाच्या पांढऱ्या पाठीवर लावायचा, कधी सासूच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर. फूल कुठे लावलं ते एकमेकांना डोळ्यांनीच सांगायचं. साऱ्या घरादाराच्या देखत चाललेलं ते बोलणं कोणाला कळत नव्हतं. सावळीरामाला जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्या दसऱ्याची आठवण आली की गोजराबाईंना अजून पदर सावरावासा वाटे.

तो खेळ एकच हंगाम चालला.

पुढच्या वर्षी, अडुसष्ट साली, आषाढात त्यांना पहिली मुलगी झाली. कला. गोरीपान, मोठ्या डोळ्यांची, पण पिण्यात मंद. दोन घोट घेतले की दमायची, कपाळावर घाम यायचा. दसरा आला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. तिला अंगावर पाजून गोजरा सकाळी मळ्यात यायची. मधल्या वेळात सासू भागीबाई बोंडल्यानं गाईचं दूध द्यायच्या. त्यांना घरात सगळे आत्याबाई म्हणत. उंच, काटक बाई. त्यांच्यापुढे पुरुषही चिलीम लपवत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चारच्या सुमाराला गोजरा घरी आली. उन्हात दारातच आत्याबाई कलेला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गोजरानं लेक उचलली आणि तिचे ओठ निळे दिसले. नखं निळी दिसली.

"आत्याबाई, पोर निळी दिसतीय."

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "झेंडूचा निळा हाय तो," त्या म्हणाल्या. "तुझ्या डोळ्यात हाय. पोरीला काय नाय झालं. पाज तिला. पोटभर पाज."

गोजरानं ते मानलं. वीस वर्षांची होती. सासूचा शब्द होता. आणि झेंडूचा निळा तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी भिंतीवर, बैलावर पाहिलेला होता. सकाळी लेक थंड होती.

तेव्हाच्या काळात असं घराघरातून व्हायचं. रडून झालं, दुसरं मूल झालं, तिसरं झालं. गोजराबाईंनी मनाशी एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती: ते निळं झेंडूचं होतं. पोरीच्या अंगावर काही नव्हतं, मग आपण काय बघणार होतो? ती झोपेतच गेली. कोणाला कळण्यासारखं काही नव्हतं. एवढ्या आधारावर चोपन्न वर्षं निभावली. पण त्यानंतरच्या दसऱ्याला त्यांनी डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली ती कायमची. झेंडू बघायचा तो उजव्यानं. घरी आलं की पट्टी सोडायची, उजवा मिटायचा आणि कोऱ्या डाव्या डोळ्यानं आधी मुलांचे ओठ बघायचे, मग नखं. भारतला वाटे, आई नखातला मळ बघते. त्या वर्षापासून भिंतीकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ढिगावरून नजर उचलली की ती मातीत.

आणि आज ही पोर म्हणत होती, किती वेळ दिसतं ते मोजू.

गोजराबाईंच्या मनात मळ्यातली विहीर, जिथे तेव्हा झेंडूचा ढीग पडायचा, आणि जुनं घर यांच्यातली पेरूच्या बागेतली वाट उभी राहिली. चिलीम ओढून होईल एवढी वाट. झेंडूचा निळा तेवढी वाट टिकत असेल, तर आत्याबाईंचा शब्द खरा.

"धर तुझं फूल," त्या म्हणाल्या.

"पट्टी सोड ना."

"नको. उजव्यानंच बघते."

रूपालीनं टपोरं फूल हातभर अंतरावर धरलं. गोजराबाई बघत राहिल्या. पाकळ्यांच्या कडा थरथरल्यासारख्या झाल्या, रंग थोडा विटला. शेडच्या टोकाला पंपाच्या खोलीची भिंत होती, नव्यानं चुना दिलेली.

"आता भिंत!"

आणि तो तिथे होता. तोच निळा, सकाळच्या आभाळाचा, कडेला जरा पांढुरका. गोजराबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. चोपन्न वर्षांत तो जराही म्हातारा झाला नव्हता. त्यांनी नकळत शेजारी पाहिलं. शेजारी रिकामं क्रेट होतं, आणि फूल त्या क्रेटवर येऊन बसलं.

"हलला!"

"हलणारच. बघत राहा."

तो फिकट झाला, एकदा परत आला, आणि विझला.

"गेला."

"चौदा सेकंद," रूपालीनं लिहून घेतलं.

"एवढाच?" गोजराबाई पुढे सरकल्या. "असं नाय रूपाली. एका फुलानं काय होतंय? सकाळपासून चारपर्यंत ढीगच्या ढीग बघितला, मग?"

"मग जास्त. मिनिटभर, दोन मिनिटं. ऊन फारच कडक असेल तर आणखी थोडं."

"ही कुसा म्हणती, रात्रीपर्यंत दिसतो."

"ते वेगळं, आजी. रात्री डोळे मिटल्यावर भगवेच झेंडू दिसतात ना? ती आठवण. दिवसभर जे केलं ते मन परत दाखवतं. निळा दिसतो तो थकव्याचा." रूपाली वही मिटून उकिडवी बसली. "डोळ्यात मागे पडदा असतो. त्यात रंग ओळखणाऱ्या तीन जातीच्या पेशी. समज, तिघी मिळून आरती म्हणतायत. तिघींचा आवाज सारखा लागला की मेंदू म्हणतो, पांढरं. भगवं बघून बघून दोघींचा घसा बसला, की पांढऱ्या भिंतीपुढेही तिसरीचाच आवाज वर येतो. ती निळ्याची. मेंदू बसलाय आत, अंधारात. त्याला काय माहीत दोघी दमल्यात ते? त्याला वाटतं, समोर निळंच आहे."

"आमच्या भजनी मंडळासारखं," कुसाबाई म्हणाल्या. "आमचा घसा बसतो, अन् लोक म्हणतात काय गाती ती वरच्या आळीची!"

रूपाली हसली. गोजराबाई हसल्या नाहीत.

"आणि दिसतो कुठं? कुठंही?"

"तू बघशील तिथे. थांब, दाखवते." तिनं पुन्हा फूल धरलं. "आता तळहाताकडे बघ. केवढा आहे?"

"बोराएवढा."

"आता भिंत."

"चाळणीएवढा झाला की गं!"

"डोळ्यातला डाग तेवढाच आहे. भिंत लांब आहे, म्हणून मेंदू तो मोठा करून दाखवतो. अंतराचा हिशेब त्याचा."

गोजराबाईंनी तळहात उलटा केला. स्वतःच्या नखांकडे पाहिलं. फिकट निळा ठिपका नखांवर आला, बोटांवर सांडला, मनगटावर गेला. त्या जिकडे बघतील तिकडे जात राहिला.

"रूपाली, तो नुसता नखावर दिसंल का? अन् ओठावर. बाकी कपाळ, गाल गोरेच. असं?"

"छे. त्याला नख कुठलं, गाल कुठला, काय कळतंय? नजर वळली की तोही वळतो. एकाच जागी थांबला, तिथेच राहिला, तर ती आफ्टरइमेज, म्हणजे डोळ्यात उरलेली छबी, नव्हेच." रूपाली वही उघडून खाली मान घालून लिहीत होती. "मग ते खरंच निळं असतं."

घरातून कोणीतरी हाक मारली म्हणून ती उठून गेली.

गोजराबाई पुन्हा निवडायला लागल्या. वाट चिलमीएवढी होती, आणि त्या ती मातीकडे बघत चालत आल्या होत्या. कपाळ गोरं होतं. तिथे त्यांनी ओठ टेकवले होते, घामाची चव अजून आठवत होती. कपाळावर निळं नव्हतं, गालांवर नव्हतं. ओठांवर होतं आणि नखांवर होतं, आणि लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं तरी तिथेच होतं.

म्हणजे ते खरंच होतं. आपण बघितलं, ओळखलं, तोंडानं बोललोसुद्धा. आणि मग ऐकून गप्प बसलो. रात्रभर तिला कुशीत घेऊन दमलेल्या बाईसारखं गाढ झोपलो.

"गोजरे," कुसाबाई म्हणाल्या, "चांगली फुलं गाईला चाललीत."

त्यांनी खाली पाहिलं. मागच्या ढिगात टपोरी फुलं पडली होती. त्या ती परत वेचायला लागल्या, पण कोणतं कुठे टाकायचं ते हाताला सुचेना.

तेवढ्यात सुवर्णा चहा घेऊन आली. नवरात्राचे नऊ दिवस ती अनवाणी राहायची, या घरच्या रीतीप्रमाणे. शेडपुढच्या खडीवर तिचा पाय पोळला आणि ती एका पायावर उड्या मारत सावलीत आली.

"आई गं! आज शेवटचा दिवस. उद्यापासून चपला, बाई."

"देवी बघती हां," कुसाबाई म्हणाल्या. "आमची सून तर दुसऱ्याच दिवशी चपला घालून बाजारात. म्हणती, देवीला कळतंय, मला शुगर हाय."

सुवर्णा हसत परत गेली. गोजराबाई तिच्या धुळीनं माखलेल्या टाचांकडे बघत राहिल्या. कप हातात तसाच होता.

त्या दिवशी दारात वहाणा होत्या. आत्याबाईंच्या. उंबऱ्याजवळ, रस्त्याच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या. आणि आत्याबाईंच्या अंगावर हिरवं इरकली लुगडं होतं, लग्नाकार्याला काढायचं. गोजरानं विचारलंसुद्धा होतं, कुठं गेलता का? "कालिकेला जाऊन आले," आत्याबाई म्हणाल्या होत्या. "पोरीला अंगारा लावला."

नवरात्रात, देवीला, वहाणा घालून?

"कुसा," गोजराबाईंनी विचारलं, "आमची आत्याबाई नवरात्रात कधी वहाण घालायची का गं?"

"भागीआत्या? काहीतरीच. ती तर काट्यातून चालायची नऊ दिवस. आम्हालाच काढायला लावायची. माझ्या सासूला एकदा बांधावर उभं राहून..." कुसाबाई बोलता बोलता थांबल्या. हातातलं फूल त्यांनी दोनदा फिरवलं. "एकदाच घातली होती."

"कधी?"

"जाऊ दे की आता."

"कुसा."

"मारुतीच्या पारापाशी टांग्यातनं उतरली. पोर पदराखाली. मी पाण्याला चालले होते. म्हटलं, काय आत्या, नवरात्र सोडलं का? माझ्याकडं बघितलं पण नाय. टांगेवाल्याला विचारलं तर तो म्हणला, पंचवटीतल्या डॉक्टरकडनं आणलं, त्यानं हात टेकले." त्यांनी फूल ढिगात ठेवलं. "मला वाटलं, तूच धाडलं असशील. मग दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं ते झालं. कोण काढणार तो विषय?"

शेडच्या पत्र्यावर ऊन तापून टकटक वाजत होतं. गोजराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

आत्याबाई त्या दिवशी मळ्यात आल्याच नव्हत्या. सकाळपासून पोरीपाशीच होत्या. त्यांनी झेंडू पाहिला नव्हता. त्यांचे दोन्ही डोळे कोरे होते.

आणि संध्याकाळी, घरात बाजाराच्या माळांचा डोंगर पडलेला, लहान पोरांनासुद्धा सुया हातात दिलेल्या, अशा वेळी त्याच आत्याबाई म्हणाल्या होत्या, "तू आज बसू नको. पोरीजवळ जाऊन नीज." दसऱ्याच्या आदल्या रात्री त्या घरात कधी कोणी निजलं नव्हतं. ओली बाळंतीणसुद्धा नाही.

"रडतीस होय?" कुसाबाईंनी हळू विचारलं.

"नाय गं."

त्यांनी डोक्यामागे हात नेला. गाठ घट्ट बसली होती. कुसाबाईंनी उठून सोडवून दिली. डाव्या डोळ्याला एकदम उजेड लागला. गोजराबाईंनी तो दोन-तीनदा मिटला, उघडला, आणि दोन्ही डोळ्यांनी समोरच्या ढिगाकडे पाहत राहिल्या.

"केवढा भगवा हाय गं," त्या म्हणाल्या.

रूपाली पुढच्या वर्षी पास झाली. आता ती नाशिक रोडला एका दवाखान्यात शाळेतल्या मुलांचे डोळे तपासते. त्या प्रोजेक्टला बरे गुण मिळाले एवढंच तिला आठवतं. आजीनं त्या दिवशी इतके प्रश्न का विचारले, ते तिनं विचारलं नाही आणि गोजराबाईंनी सांगितलं नाही. कुसाबाई तेवीसच्या पौषात गेल्या, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, शेवटच्या दिवशीही गोजराबाईंना म्हणाल्या, "तू ये मागनं, घाई नाय." आत्याबाई तर एकोणनव्वद सालीच गेल्या होत्या. त्यांचा फोटो घरात कधी नव्हता. बावीसच्याच दिवाळीत गोजराबाईंनी भारतला सांगून गावातल्या एका जुन्या लग्नाच्या फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून घेतला. चेहरा पुसट आला आहे, इरकलीचा काठ तेवढा स्पष्ट.

गोजराबाई अजून ढिगापुढे बसतात. चोवीसच्या दसऱ्याला नातू दिनेशची बायको पल्लवी पहिल्यांदाच माळा करायला बसली. घोटीकडची, भाताच्या गावची. हात जरा हळू. बोलकी आहे.

"आजी, तुमच्या सासूबाई फार कडक होत्या म्हणे?"

"लय."

"तुम्हाला कधी रागावल्या?"

"रोज." गोजराबाईंनी एक फूल उचललं, फिरवून पाहिलं, मोठ्यात टाकलं. "एका दसऱ्याला मात्र तिनं मला हातात सुई घेऊ दिली नाय. एवढा ढीग पडला होता, अन् मला म्हणली, जा, पोरीजवळ नीज."

पल्लवीला वाटलं, पुढे काही असेल. मग तिनं सुईत दोरा ओवला आणि पुढची माळ सुरू केली.